चाप सैल झाला तर

सप्तापूरच्या बावीजवळून पहाटे साडेपाच-सहाला गेलात, तर धारवाडचे एक वेगळेच रूप दिसते. ('बावी' म्हणजे आपली विहीर, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको.) खानावळीचे शटर अर्धे उघडलेले, झेरॉक्सचे दुकान अजून बंद, भिंतीभर कोचिंग क्लासच्या जाहिराती, आणि रस्त्याच्या कडेने पळत मैदानाकडे निघालेली पोरे-पोरी. गदगची, बागलकोटची, विजापूरची, रायचूरची, आपल्या बेळगाव-खानापूरकडचीही. कुणी पोलीस कॉन्स्टेबलसाठी, कुणी पीएसआयसाठी, कुणी लष्करभरतीसाठी. दिवसा हीच मुले खोलीत बसून राज्यघटनेची कलमे पाठ करतात, संध्याकाळी गणिते सोडवतात. छाती किती फुगली पाहिजे, किती मीटर किती मिनिटांत पळायचे, सगळे त्यांना तोंडपाठ.

यातली काही निवडली जातील. आणि एक दिवस त्यांच्या हातात कुणीतरी एक रायफल देईल. ती नवी कोरी असेलच असे नाही. त्यांच्या आधी वीस-पंचवीस जणांनी ती वापरलेली असेल, कुणी नीट पुसली असेल, कुणी नुसती टेकवून ठेवली असेल. तिच्या पोटात कुणाकुणाच्या हाताची झीज साठलेली असेल. ती रायफल नीट वागली नाही तर काय करायचे, हे सप्तापुरातल्या कुठल्याही क्लासच्या पाटीवर लिहिलेले नाही. आजचा विषय तोच आहे. कौटुंबिक पानावर बंदूक कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या ती खांद्याला लावणार, त्या घराचाच हा विषय नाही का?

आमच्या ओळखीच्या एका घरात मध्यंतरी ही गोष्ट निघाली. मुलगी कॉलेजात, एनसीसीत. परीक्षा जवळ आलेली, म्हणून सेल्फ लोडिंग रायफलची, म्हणजे एसएलआरची माहिती घडाघडा म्हणून दाखवत होती. कॅलिबर ७.६२ मिलिमीटर, मॅगझीनमध्ये वीस गोळ्या, वगैरे. तिचे मामा चंदगडकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते शेंगा सोलत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "ते सगळं बरोबर. चाप सैल झाला तर काय करशील?"

"मामा, ते सिलॅबसमध्ये नाही."

"मग मी सांगतो ते सिलॅबस समज. पहिलं, नळी टारगेटकडंच ठेवायची, इकडं-तिकडं वळून बघायचं नाही. दुसरं, बोट चापातनं बाहेर. तिसरं, तोंड उघडायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे मोठ्यानं सांगायचं, हिचा चाप बिघडलाय म्हणून. पहिली दोन सगळे करतात गं. तिसरंच कुणी करत नाही."

पुढे ते शेंगांकडे वळले. पण त्या तिसऱ्या गोष्टीवर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

आधी रायफलीविषयी थोडे. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान .३०३ रायफल घेऊन लढले. ती बोल्टची बंदूक. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. त्या काळात पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेत, जिला एआरडीई म्हणतात, बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन अशा तिन्ही घडणींच्या एफएएल रायफली सुट्या करून तपासल्या गेल्या आणि त्यातून आपली १ए१ एसएलआर आकाराला आली. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीचा. तो विचारल्याशिवाय घेतला म्हणून कंपनी नाराज झाली, मग समझोता झाला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली आणि पुढची तीसेक वर्षे हीच आपल्या पायदळाची मुख्य रायफल राहिली. १९७१ च्या युद्धाचे फोटो पाहा, खांद्यावर तीच दिसेल. लष्करातून ती गेली तरी राज्याराज्यांच्या पोलिसांकडे आणि एनसीसीच्या वर्गांत ती पुढेही बराच काळ दिसत राहिली. सीमाभागातल्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या जुन्या फोटोत आजोबांच्या हातात जी लांबलचक रायफल असते, ती बहुधा हीच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे अशा फोटोंना तोटा नाही.

ही अर्धस्वयंचलित रायफल. म्हणजे काय, ते घरगुती भाषेत सांगतो. तिच्या पोटात तीन भाग महत्त्वाचे: चाप, घोडा आणि या दोघांच्या मध्ये एक खिट्टी. पलटणीत खिट्टीला सिअर म्हणतात. घोड्याच्या मागे जोरकस स्प्रिंग असते. घोडा मागे दाबला की खिट्टीच्या टोकाला अडकून राहतो, खिडकीच्या चिटकणीसारखा. चाप ओढला की खिट्टी सरकते, घोडा सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो, पिन काडतुसाच्या टोपीवर बसते आणि गोळी जाते. इथपर्यंत बहुतेक सगळ्या बंदुका सारख्याच.

खरी करामत पुढे आहे. गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीतल्या बारीक छिद्रातून बाजूला घेतला जातो. तो एका दट्ट्याला मागे ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा आपोआप पुन्हा मागे दाबला जातो, आणि मॅगझीनमधली नवी गोळी नळीच्या तोंडाशी येऊन बसते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. आता गंमत बघा, एवढ्यात माणसाचे बोट चापावरून उठलेलेच नसते. ते अजून दाबलेलेच आहे. तरीही खिट्टीने घोडा पुन्हा पकडायचा आणि बोट सुटून दुसऱ्यांदा दाबेपर्यंत सोडायचा नाही. एका दाबाला एक गोळी, हा जो नियम, तो राखण्याचे काम बोटाच्या पेराएवढ्या त्या तुकड्याच्या कडेवर असते.

मराठीत 'चाप' शब्दाचा दुसरा अर्थ आपण रोज वापरतो. खर्चाला चाप लावला, पोराच्या उनाडपणाला चाप बसला. म्हणजे आवर घालणे. इंग्रजीत ट्रिगर म्हटले की काहीतरी सुरू होते, मराठीत चाप म्हटले की काहीतरी थांबते. रायफलीच्या बाबतीत दोन्ही खरे आहे, आणि बिघाड होतो तो बहुतेक वेळा या थांबवण्यात होतो.

बिघाड कसले? एक, चाप ओढला आणि काहीच झाले नाही. दोन, एकदा ओढला आणि दोन गोळ्या गेल्या, कधी तीन. तीन, ओढलाच नाही, नुसती सेफ्टी काढली किंवा दस्ता जमिनीवर आपटला आणि गोळी सुटली. चार, ओढला तो परत आलाच नाही, लोंबकळत राहिला. कारणे साधी असतात. खिट्टीची कड झिजलेली, स्प्रिंग दमलेली, तेल घट्ट होऊन त्यात धूळ आणि जळका दारू बसलेला. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर खोलीत ठेवलेल्या हत्याराला गंज चढायला किती दिवस लागतात, ते सुरी-विळीवरून गृहिणींना ठाऊक आहे. आणखी एक कारण माणसाने मुद्दाम केलेले असते. चाप जड लागतो म्हणून कुणीतरी शहाण्याने कधीतरी आत कानस फिरवलेली असते. नेम छान लागतो म्हणून तो खूश, आणि दहा वर्षांनी ती रायफल दुसऱ्याच कुणाच्या हातात.

यातला पहिला बिघाड लोकांना हास्यास्पद वाटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात सुपौल जिल्ह्यात पोलिसांनी मानवंदनेसाठी बावीस रायफली वर केल्या आणि एकही उडाली नाही. मुख्यमंत्री समोर उभे. देशभर हसू झाले. पण न उडणारी रायफलही हसण्यासारखी नसते. टोपीवर पिन बसूनही काडतूस कधी कधी क्षणभर उशिरा पेटते. म्हणून 'उडाली नाही' म्हणत नळी वळवून आत बघणारा माणूस स्वतःच्या डोळ्यासमोर मृत्यू धरून उभा असतो. नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, मगच मॅगझीन काढायचे, बोल्ट मागे घ्यायचा, चेंबर डोळ्यांनी बघायचे, बोटाने चाचपायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बिघाडात तर एक मोठी फसवणूक आहे. लोकांना वाटते, सेफ्टी लावली की काम झाले. पण एसएलआरसारख्या रायफलीत सेफ्टी अडवते ती चापाला. घोड्याला नाही. घोडा धरून ठेवलाय तो त्या खिट्टीच्या कडेनेच. ती कडच झिजली असेल, तर सेफ्टी लावलेली रायफलही धक्क्याने सुटू शकते. दाराला कुलूप भक्कम आहे, पण बिजागरीच निखळली तर कुलूप काय करणार? म्हणून संशय आला की सेफ्टी लावायची, पण तिच्यावर विसंबायचे नाही. मॅगझीन बाहेर, चेंबर रिकामे, तेवढे झाल्याशिवाय ती रायफल भरलेलीच समजायची.

आणि एक वाक्य कधीही म्हणायचे नाही. "थांब, परत एकदा बघू तसंच होतंय का." दोन गोळ्या एकदम गेल्या की नवख्याच्या तोंडून हेच निघते. पहिल्या गोळीच्या धक्क्याने नळी वर उचललेली असते, दुसरी गोळी कुठे जाईल ते देवच जाणे. ७.६२ ची ती गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने जाते. परत बघण्याचे काम आर्मररचे. तो खिट्टी काढून कड तपासेल, स्प्रिंग बदलेल, नाही जमले तर रायफल बाद करून बाजूला ठेवेल. शिपायाचे काम तिथपर्यंत ती रिकामी करून, तोंडाने सांगून पोचवण्याचे.

सांगणे एवढे अवघड का असावे? मामांना विचारले नाही, पण उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नव्या पोराने बिघाड सांगितला की पहिला प्रश्न येतो, "तुझ्याच हातात कशी बिघडली? इतकी वर्षं चालली की." मग चौकशी, लेखी जबाब, वर भरपाईची भीती. कोतातून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, सकाळी जी मिळाली ती संध्याकाळी मुकाट्याने परत ठेवली की आपले संपले. उद्या ती दुसऱ्याला मिळेल. ही वृत्ती फक्त पोलीस ठाण्यात तयार होत नाही. ती आपल्या घरात तयार होते. आपल्याकडे तर दोन भाषांत. आई मराठीत म्हणते "गप बस", आजी कन्नडमध्ये म्हणते "सुम्न कूडु". काच फुटली तर मूल आधी तुकडे लपवते, कारण सांगितले की मार आणि लपवले तर निदान संध्याकाळपर्यंत सुटका. "हेळु, एनाता?" असे शांतपणे विचारणारी घरे थोडी. ज्याला घरात फुटलेल्या कपाबद्दल बोलता आले नाही, तो परेडच्या मैदानावर साहेबासमोर चापाबद्दल काय बोलणार?

मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. एसएलआरच्या जागी इन्सास रायफल आली, तीही पुण्याच्या एआरडीईच्या आराखड्यातली. गोळी लहान, ५.५६ मिलिमीटरची, वजन हलके. एकेक गोळी किंवा एका दाबाला तीन, अशी तिची रचना. १९९९ मध्ये ती कारगिलच्या डोंगरांवर गेली आणि तक्रारी आल्या. थंडीने मॅगझीनला तडे जातात, रायफल अडकते, तेल उडून डोळ्यात जाते. आणि आपल्या विषयाची तक्रार म्हणजे, तीन गोळ्यांवर ठेवलेली रायफल तीनवर थांबत नाही, सलग सुटत राहते. तेच थांबवण्याचे काम बिघडलेले. चौदा-पंधरा हजार फुटांवर, समोर शत्रू, आणि मॅगझीन कधी रिकामे होईल याचा भरवसा नाही. या तक्रारी जवानांनी सांगितल्या म्हणून पुढे सुधारणा तरी झाल्या. शिपायाने तोंड उघडले नसते तर पुण्यातल्या इंजिनियरला काय कळणार होते?

पण सांगितलेले ऐकले जातेच असे नाही. नेपाळच्या सैन्यालाही आपण इन्सास दिल्या होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी झालेल्या लढाईत त्यांचे चाळीसहून अधिक सैनिक मारले गेले, आणि त्यांच्या प्रवक्त्याने उघडपणे रायफलीला दोष दिला. आपल्या बाजूने उत्तर गेले की रायफल चांगली आहे, वापर आणि निगा नीट नसावी. खरे कुणाचे, हे इथे बसून ठरवणे बरोबर नाही. पण उत्तराची तऱ्हा ओळखीची वाटली. "तुझ्याच हातात कशी बिघडली?" हाच प्रश्न, फक्त दोन देशांच्या पातळीवर.

आज लष्कराची वाट पुन्हा वळली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली मागवल्या गेल्या, त्या पुन्हा ७.६२ च्या, एसएलआरच्याच मापाच्या गोळीच्या. आणि डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला, त्या उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला बनवायच्या. हत्यार नवे येईल. चाप, घोडा, खिट्टी ही तिघे मात्र त्यातही आहेतच.

गप्प बसण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही शिकारीची रायफल. ती अर्धस्वयंचलित नाही, बोल्टची आहे, पण गोष्ट चापाचीच. तिच्या चापाची रचना माइक वॉकर नावाच्या इंजिनियरची. रायफल बाजारात येण्याआधीच, १९४६ मध्ये, खुद्द वॉकरनेच कंपनीला लिहून कळवले होते की या रचनेत विशिष्ट स्थितीत धोका संभवतो. तरी तीच रचना वर्षानुवर्षे विकली गेली. चापाला बोट न लावता रायफल सुटली, अशा तक्रारी हजारोंनी आल्या. कंपनीचे उत्तर एकच. वापरणाऱ्याची चूक, निगा नाही, कुणीतरी चापात हात घातला असेल.

२००० सालच्या ऑक्टोबरमध्ये मोंटाना राज्यात बार्बर कुटुंब शिकारीहून परतत होते. आईने रायफल रिकामी करायला घेतली. त्या जुन्या रायफलीची रचना अशी की बोल्ट उघडायचा तर आधी सेफ्टी काढावीच लागायची. (१९८२ नंतरच्या रायफलींत कंपनीने ही अट काढून टाकली, पण आधी विकलेल्या लाखो तशाच लोकांकडे राहिल्या.) तिने सेफ्टी काढली. चापाला बोट नव्हते, असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. गोळी सुटली, घोडे नेण्याच्या पत्र्याच्या गाडीतून आरपार गेली आणि पलीकडे असलेल्या नऊ वर्षांच्या गसला लागली. तिचाच मुलगा.

त्या घराचे काय झाले असेल, कल्पना करा. आईच्या मनात आयुष्यभर "मीच का" एवढेच राहिले असते. पण वडील रिचर्ड बार्बर यांनी ते तिथे थांबू दिले नाही. त्यांनी जुनी कागदपत्रे शोधायला सुरुवात केली, न्यायालयांतून, वकिलांकडून, जिथून मिळतील तिथून. वर्षांमागून वर्षे. वॉकरच्या त्या जुन्या पत्रासारखे कागद उजेडात आले, २०१० मध्ये टीव्हीवर माहितीपट झाला. शेवटी सुमारे पंचाहत्तर लाख रायफलींचे चाप फुकट बदलून देण्याची तडजोड न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केली. कंपनीने दोष मात्र तेव्हाही मान्य केला नाही, आणि २०२० मध्ये ती स्वतःच दिवाळखोरीत विकली गेली. त्याहून विचित्र म्हणजे, पंचाहत्तर लाखांपैकी अगदी थोड्या मालकांनी चाप बदलून मागितला. बाकीच्यांनी मनाशी म्हटले असेल, माझी तर नीट चालते.

आता आपल्या घरांकडे. वाचक म्हणतील, आमच्या घरी कुठली एसएलआर? बरोबर आहे. अर्धस्वयंचलित रायफल सामान्य नागरिकाला आपल्याकडे सहसा मिळतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पूर्ण स्वयंचलित बंदुकीची ओळखच चापावरून ठरवली आहे: चाप दाबला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी बनवलेली किंवा बदललेली बंदूक म्हणजे निषिद्ध शस्त्र. म्हणून चापाशी खेळ करून 'बघू काय होते' म्हणणारा माणूस नुसता जिवाशी खेळत नाही, कायद्याच्या फार कडक कलमाशी खेळतो. १८५७ मध्ये हलगलीच्या बेडरांनी शस्त्रे जमा करायला नकार दिला आणि गाव जळाले, ती कहाणी आपल्या भागात कन्नड लावणीतून गायली जाते. तेव्हापासून परवाना या शब्दाचे आणि आपले जमले नाही, हे खरे. पण ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

खानापूर, जोयडा, दांडेली, इकडे चंदगड-आजऱ्याकडे रानडुकरांसाठी पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आहेत. बहुधा जुनी बारा बोअरची, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि तिथून मुलाच्या नावावर आलेली. तिच्यातही घोडा आहे आणि खिट्टी आहे. कधी घोडा बोटाने चढवताना निसटतो, कधी दोन नळ्या एकदम उडतात, कधी बंदूक माडीवरून खाली आणताना कुठे आपटली की छातीत धस्स होते. ही सगळी लक्षणे. त्यावर गावातल्या लोहाराला दाखवणे हा उपाय नाही. लोहाराचा हात कितीही चांगला असो, शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करण्यालासुद्धा परवाना लागतो. परवानाधारक दुकानातच ती न्यायची, रिकामी, गोळ्या वेगळ्या, आणि आपला परवाना बरोबर. दुकानदाराला लक्षण नीट सांगायचे. "चालत नाही" एवढे सांगून भागत नाही. कधी, किती वेळा, काय केल्यावर, हे सांगायचे. डॉक्टरला सांगतो तसे.

लग्नात, वरातीत, दसऱ्याला हवेत बार काढण्याची हौस काही ठिकाणी अजून आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा आनंदाच्या गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिघडलेल्या चापाच्या बंदुका बहुतेक अशाच वेळी कपाटातून बाहेर निघतात, वर्षभर न पुसलेल्या, आणि मांडवात मुले धावत असतात.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तुमची बंदूक दुरुस्त करायची राहिली असेल आणि जमा करायची वेळ आली, तर ती देताना नुसती पावती घेऊन परतू नका. तिथल्या ज्या शिपायाने ती उचलून रॅकवर लावायची, तो कदाचित सप्तापुरात अभ्यास करून नुकताच नोकरीला लागलेला असेल. जमा करण्याच्या अर्जावर खाली एक ओळ वाढवा आणि ती वाचूनही दाखवा. ठाणे पलीकडचे, महाराष्ट्रातले असेल तर मराठीत: "चाप नादुरुस्त आहे, भरू नये." इकडचे असेल तर कन्नडमध्ये: "ट्रिगर सरि इल्ल, लोड माडबारदु."